ताईच्या स्मरणार्थ

धाकटीला परक्या गावात जाऊन फुकट शिकवायची काही हौस नव्हती. तिनं वर्षभराची बिनपगारी रजा काढली आणि दूर देशातल्या एका आडगावी स्वयंसेवक शिक्षिका म्हणून निघाली, तेव्हा घरचे म्हणाले, "केवढं मोठं मन!" मनबिन काही नव्हतं. संस्थेनं दाखवलेल्या गावांमध्ये ते गाव होतं आणि त्या गावात भावोजी होते, एवढंच.

भावोजी म्हणजे तिच्या ताईचा नवरा. "जम बसला की तुला नेतो," म्हणून लग्नानंतर वर्षाच्या आत परदेशी गेला तो गेलाच. आधी फोन यायचे, मग नुसते निरोप, मग तेही बंद. ताई मात्र सासरीच राहिली, कारण सासू अंथरुणाला खिळलेली. तिचं हगणंमुतणं, भरवणं, कुशीवर वळवणं सगळं ताईनं केलं. शेवटी शेवटी म्हातारी ताईलाच 'आई' म्हणून हाका मारायची. ती गेली तेव्हाही मुलगा फिरकला नाही. तो अमुक गावात दिसल्याचं कुणीतरी सांगितलं, तेव्हा ताई म्हणाली, "असू दे." धाकटीच्या कोशात 'असू दे' हा शब्दच नव्हता. त्याच्या समोर उभं राहून जाब विचारायचा, असं ठरवूनच तिनं सामान बांधलं. ताईला मात्र नुसतं "शिकवायला चाललेय" एवढंच सांगितलं.

तिला लाँड्रीच्या वरची खोली मिळाली. खालच्या यंत्रांमुळे फरशी दिवसभर कोमट असायची आणि खिडकीच्या काचेवर वाफ धरायची. धाकटीच्या कपड्यांना, उशीला, अगदी केसांनासुद्धा साबणाचा वास यायला लागला. लाँड्रीवाली बाई बोलघेवडी होती. तिचं अर्धं बोलणं धाकटीला कळायचं नाही, तरी हसायचं कुठे ते बरोबर कळायचं.

शाळेच्या पहिल्या दिवशी मुख्याध्यापिका तिला व्हरांड्यातून वर्ग दाखवत निघाल्या आणि धाकटी मध्येच थबकली. भिंतीवर चौकटीत एक फोटो होता. ताईचा! खाली लिहिलं होतं की या दिवंगत बाईंच्या स्मरणार्थ उत्तम वाचन करणाऱ्या मुलीला दर वर्षी बक्षीस मिळतं.

"आमच्या फर्निचरवाल्यांची पहिली पत्नी," मुख्याध्यापिका हळहळत म्हणाल्या. "तुमच्याच देशातली. तरुणपणीच तापानं गेली बिचारी. ते अजूनही तिच्याबद्दल बोलताना रडतात."

फोटो लग्नातला होता. कडेचं माणूस कापून टाकलं होतं, पण ताईच्या खांद्यावर चार इवलीशी बोटं तेवढी राहून गेली होती. ती बोटं धाकटीची होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच पावली दुकानात जाऊन त्याची गचांडी धरावी असं वाटलं. पण ती गणिताची बाई. उत्तर घाईघाईत लिहायचं नाही, हे पोरांना सांगण्यात तिची हयात गेलेली. ती म्हणाली, "अरेरे!" आणि वर्गावर गेली.

भावोजींनी तिला ओळखलं नाही. ओळखणार कसे? लग्नात ती फ्रॉकातली पोर होती, आता नवऱ्याचं आडनाव लावणारी, चष्मा लावणारी बाई. उलट आपल्या भाषेत बोलणारं कुणीतरी आलं म्हणून स्वारी हरखली.

"कधीही घरी या, संकोच करू नका," ते म्हणाले. "बोलायला माणूस नाही हो इथे!"

ती जायला लागली. त्यांची इथली बायको दवाखान्यात नर्स होती. मोकळी, हसरी, ताटात आग्रहानं वाढणारी. धाकटीला ती आवडायला लागली, आणि त्याचा तिला आणखी राग आला. जेवणानंतर भावोजी खुर्चीत रेलून ताईच्या शेवटच्या दिवसांच्या कहाण्या सांगायचे. "माझ्या मांडीवर प्राण सोडला तिनं." धाकटी मान डोलवायची आणि टेबलाखाली स्वतःच्या तळहातात नखं रुतवायची.

एका रविवारी तिनं ताईला फोन केला.

"ताई, तू इथे मेलीयेस."

"म्हणजे गं?"

धाकटीनं सगळं सांगितलं.  ताईनं विचारलं, "कशानं गेले म्हणे मी?"

"तापानं."

"कर्म माझं! निदान जरा मोठं दुखणं तरी द्यायचं." ताई हसली आणि हसता हसता तिचा आवाज चिरला. "आणि त्यांची आई? तिचं काय सांगितलंय?"

"कधी नावही काढत नाहीत."

 ताई म्हणाली, "माझ्या नावाचं बक्षीस आहे ना? मग मला बघायचंय. मी येणार."

"अगं, इथवर?"

"तू असताना यायला कशाला हवं? फोनवरून दाखव. पण मीही दिसले पाहिजे त्यांना."

बक्षीस समारंभाची तयारी कुणी करायची, असं मुख्याध्यापिकांनी विचारताच धाकटीनं हात वर केला. सभागृहातला मोठा पडदा, आवाजाची पेटी, तारा, सगळं तिनं स्वतः तपासलं. समारंभ दुपारी होता. अर्धं गाव जमलं होतं. पहिल्या रांगेत नर्स नवा कोट घालून बसली होती. भावोजी बोलायला उठले, ताईचे गुण सांगता सांगता त्यांचा कंठ दाटला, त्यांनी रुमाल काढला. मागे कुणीतरी नाक ओढलं.

"आता बक्षीस द्यायला एक खास पाहुण्या आहेत," धाकटी म्हणाली आणि तिनं फोन पडद्याला जोडला.

पडद्यावर ताई आली. केस पिकलेले, गालफडं बसलेली, पण जिवणी तीच, कपाळ तेच. सभागृहातली माणसं एकदा पडद्याकडे, एकदा शेजारी मांडलेल्या फोटोकडे पाहायला लागली. भावोजींच्या हातातला रुमाल तसाच राहिला.

ताई मराठीत बोलली आणि धाकटीनं एकेक वाक्य मोडक्यातोडक्या परक्या भाषेत सगळ्यांना सांगितलं.

"नमस्कार. मी जिवंत आहे."

"यांची बायको आहे. सोडचिठ्ठी झालेली नाही."

मग ताईनं सरळ भावोजींकडे पाहिलं. "तुमची आई तुम्हाला हाका मारत गेली. दार वाजलं की मान वळवायची. मी तिला रोज सांगायची, येतील. तुमच्यासाठी मी तेवढं एकच खोटं बोलले."

हे वाक्य धाकटीनं सावकाश, पुरं सांगितलं. बक्षीस मिळालेली मुलगी बावरून उभी होती. ताई तिला म्हणाली, "छान वाचतेस म्हणे. वाचत राहा, बाळ." ते मात्र भाषांतर न करताच मुलीला कळलं असावं. ती हसली.

भावोजी धाकटीकडे वळले.  "तू... तू कोण?"

"त्या फोटोतली बोटं," ती म्हणाली.

नर्स उठली आणि कुणाकडेही न पाहता निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती धाकटीच्या खोलीवर आली. बसली नाही.

"चार महिने माझ्या हातचं जेवलीस," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात कानात सांगितलं असतंस, तरी मी त्याला घराबाहेर काढलं असतं. माझी लाज गावासमोर कशाला काढलीस?"

 धाकटीनं खरं तेच सांगितलं. "गावासमोर, तुझ्यादेखत केलं नसतं, तर त्याला पुरेसं लागलं नसतं."

नर्स दाराकडे वळली. "तुझी बहीण तुझ्यापेक्षा बरी आहे," म्हणाली आणि जिना उतरून गेली. ते लागलं. महिनोन् महिने लागत राहिलं. पण केलं ते चुकलं, असं धाकटीला एकदाही वाटलं नाही.

नर्सनं त्याच आठवड्यात भावोजींचं सामान दुकानात पाठवलं. विकायला ठेवलेल्या पलंगांतल्या एकावर ते झोपायला लागले. शाळेनं भिंतीवरचा फोटो उतरवला, बक्षिसाचं नाव बदललं. एकदा ते लाँड्रीच्या दाराशी येऊन हात जोडून उभे राहिले. "तिचा नंबर दे. एकदाच माफी मागतो."

धाकटीनं वर येऊन ताईला विचारलं. ताई म्हणाली, "सांग, त्या बाई तापानं गेल्या."

धाकटीनं खाली जाऊन शब्द न् शब्द तसाच सांगितला, आणि तो सांगताना तिला जी गोडी वाटली तशी कुठल्या जेवणातही वाटली नव्हती.

वर्ष संपत आलं तेव्हा तिनं आणखी एक वर्ष मागून घेतलं. शाळेत जायला जवळचा रस्ता नदीकडून होता, पण ती रोज बाजारातून, फर्निचरच्या दुकानावरून जायची. काचेआड ते मान खाली घालायचे. संस्थेनं मुदत वाढवण्याचं कारण विचारलं, तेव्हा तिनं "गाव आवडलं" असं सांगितलं. आणि ते काही खोटं नव्हतं.