पेटीच्या पायाखालचं पुस्तक

“आत्या, तुला नवऱ्यानं टाकलं, की तू नवऱ्याला?”

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. आमच्या आळीत कुणाच्या तोंडाला कुलूप नाही, पण हा प्रश्न सगळ्या जणी आत्याच्या पाठीमागंच विचारायच्या. मी मात्र नुकतीच भाषणाच्या स्पर्धेत पहिली आलेली, माझे पाय जमिनीला लागत नव्हते. भर दुपारी गोठ्याशेजारच्या खोलीत गेले आणि विचारलंच. मैत्रिणी खिडकीखाली दबा धरून बसलेल्या.

आत्या कोरड्या फडक्यानं अंडी पुसत होती. हातातलं अंडं तिनं उजेडाकडं धरलं आणि म्हणाली, “अजून ठरायचंय. एकवीस दिवस थांब.”

त्याचं असं होतं, की बाबांनी तिला बजावलं होतं. “पेटीतनं पिल्लं निघाली, तर ही खोली तुझी. कोंबड्या पाळ, पोट भर, कुणी बोलणार नाही. नाही निघाली, तर मी स्वतः सासरी सोडून येतो. तुझ्यापायी किती जणांना तोंड देऊ मी?” सासरी काय वाढून ठेवलंय, ते आत्याच्या मनगटावरच्या डागांकडं बघितलं की कळायचं. म्हणून तर कुणी बघत नव्हतं.

पेटी म्हणजे अंडी उबवायचं यंत्र. साठ अंडी मावतील एवढं, वर काचेचं झाकण. सोबत एक पातळ पुस्तक आलं होतं. खोलीची जमीन खड्ड्याखुड्ड्यांची, पेटी ठेवली तशी डुगडुगायला लागली. बाबांनी पुस्तकाची चौघडी घातली आणि पायाखाली सारली.

“अहो, आधी वाचा तरी,” आई म्हणाली.

“कोंबडीला कुणी वाचून दाखवलं होतं? सगळा जन्म गेला आमचा यात. हातच्या काकणाला आरसा कशाला?”

आत्या हसली. “जाऊ दे वहिनी, पुस्तकाला काम तर मिळालं!”

पण दुसऱ्या दिवशी मला हळूच म्हणाली, “बाई माझे, तू हुशार. काढून वाच की जरा.”

“अंडी तर आहेत, आत्या! त्यात काय वाचायचं?” असं म्हणून मी शाळेला पळाले.

आत्यानं त्या अंड्यांना लेकरांसारखं जपलं. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी चोचीनं वळवते, तशी दिवसातून तीनदा एकेक अंडं कुशीवर वळवायची. एकही दिवस चुकली नाही. विसाव्या दिवशी सकाळी पेटीतून बारीक चिवचिव आली. चार-पाच अंड्यांना टोचे पडले होते. आत्या जमिनीवर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. मी तिला पहिल्यांदाच असं आनंदानं रडताना बघितलं.

मग मी काय केलं? मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग घेऊन आले. माझ्यामागून आळी आली. बाहेर ऊन कडकडीत, वारा सुकाच सुका. आत्या प्रत्येकीला झाकण उघडून दाखवत होती. “आलेल्या माणसाला दारातनं कसं परत धाडायचं?” ती दमली तेव्हा मी झाकण धरलं. धरलं म्हणजे उघडंच धरलं, आणि भाषण ठोकलं. “या, बघा! आमच्या आत्याच्या खोलीचे मालक!” सगळ्या टाळ्या पिटत होत्या.

संध्याकाळी चिवचिव कमी झाली. सकाळी ऐकू येईना. आणखी दोन दिवस वाट बघून आत्यानं एक अंडं फोडलं. आत पूर्ण पिल्लू, पिसांसकट. आतला पापुद्रा वाळून कागदासारखा अंगाला आवळून बसलेला. चोच भोकाशी येऊन थांबलेली. तिनं साठही अंडी फोडली. आतली पिल्लं मात्र मोजली नाहीत.

“नशीब,” बाबा म्हणाले. “उद्या सकाळी निघू.”

आत्या दुसऱ्याची वस्तू परत करायची असावी तशी पेटी स्वच्छ पुसत बसली. मी पेटी तिरकी केली आणि पुस्तक ओढून काढलं. घडीवर पानं फाटली होती, पण अकरावं पान शाबूत होतं. आईबाबांसमोर मोठ्यानं वाचायला लागले. “अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवू नयेत. पाण्याचे भांडे भरलेले ठेवावे. पिल्ले बाहेर येईपर्यंत, कितीही मोह झाला तरी, झाकण...”

हजार माणसांपुढं न अडखळणारी मी तिथं अडखळले.

“आता वाचून काय उपयोग?” बाबा पुटपुटले.

“वाच गं पुन्हा,” आत्या म्हणाली. “सावकाश वाच.”

सकाळी बाबांनी मोटरसायकल बाहेर काढली. आई दारात उभी होती. आत्या कपड्यांची पिशवी घेऊन मागं बसली. मी दप्तर आणि ते पुस्तक घेऊन तिच्या मागं बसले.

“उतर खाली! शाळा नाही का तुला?” बाबा ओरडले.

“बाबा, आई, ऐका. झाकण मी उघडं धरलं होतं. पुस्तक वाच म्हणून तिनं मला सांगितलं होतं, मी वाचलं नाही. आता पहिल्या पानापासून मी वाचणार आणि आत्या अंडी मांडणार. आणखी एकवीस दिवस. ते इथं करायचं नसेल तर चला, सोडा आम्हाला. मी तिच्या सासरीच राहणार आहे, तिच्याच खोलीत. बहिणीला जे घर चालतं, ते लेकीलाही चालेलच की.”