पाइपची वाट

बाबांनी सकाळीच अट घातली. केबिन न उतरवता खोदकामाच्या मशीनचा पाइप बदललास, तर दुरुस्तीच्या शेडची किल्ली तुझी. नाहीतर महिनाअखेर शेड विकायची. मी म्हटलं, "किल्ली पुसून ठेवा."

फुशारकी नव्हती ती. चौदा वर्षं याच शेडमध्ये हात काळे केलेत मी. फुटलेला तेलाचा पाइप केबिनखालून, पंपाच्या मागून, दोन वळणं घेत जात होता. तिथे हात पोचत नाही, नजरही पोचत नाही. मशीनसोबतचं पुस्तक म्हणतं, केबिन उतरवा. म्हणजे दोन दिवस गेलेच. आमची रीत वेगळी. जुन्या पाइपच्या शेपटाला दोरी बांधायची आणि पाइप पुढून ओढून काढायचा. दोरी त्याच्या जागी राहते, तिनेच नवा पाइप ओढून घ्यायचा. परकरात नाडी ओवतो तसंच. ही रीत बाबांनीच मला शिकवली.

मशीनची खोदायची बकेट जमिनीला टेकवली, इंजिन बंद केलं, लिव्हर हलवून पाइपातला दाब घालवला. दोन्ही टोकं सोडवली. वळून दोरी उचलली, तेवढ्यात मागे सर्रकन आवाज झाला. बाबांना नुसतं बसवेना. अख्खा पाइप त्यांच्या हातात, कोपरापर्यंत तेल, आणि दोरी अजून माझ्या हातात.

झालं! आत कुठून कुठे जायचं, याचा आता काही मागमूस नव्हता. मला असा संताप आला, की तोंडातून काहीतरी निघणारच होतं.

"मुद्दाम ओढला," बाबा घाईघाईने म्हणाले. "बघू तरी काय करतेस."

त्यांचे कान लाल झाले होते. खोटं बोलताना ते लाल होतात, हे आईने मला कधीच सांगून ठेवलंय. मी राग गिळला.

"बघाच मग."

जुना पाइप जमिनीवर ठेवला. वर्षानुवर्षं एकाच जागी राहून तो वळणांसकट कडक झाला होता. जाड तार घेतली, त्याच्यावर ठेवून तशीच वाकवली आणि आत सारली. दोनदा अडली. तिसऱ्यांदा तिचं टोक पंपाखालून बाहेर डोकावलं. तिला दोरी, दोरीला नवा पाइप, आत कचरा जाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला प्लास्टिक.

"मागून सारा. मी सांगेन तेव्हाच."

बाबा माझ्या शब्दासाठी थांबत होते. आयुष्यात पहिल्यांदा.

नवा पाइप पुढून बाहेर आला. प्लास्टिक काढलं, टोकं घट्ट केली, इंजिन सुरू केलं. गळती हाताने बघायची नसते, दाबाचं तेल कातडीत घुसतं. बाबांनी जोडाखाली पुठ्ठा धरला. पुठ्ठा कोरडा. मशीनचा दांडा आरामात वर गेला.

बाबांनी किल्ली सदऱ्याला पुसून माझ्या हातावर ठेवली. मग म्हणाले, "मुद्दाम नव्हता गं ओढला. दोरीचं विसरलोच."

"माहीत आहे," मी म्हटलं. "उद्या नऊला या. दोरीचं मी बघेन."

"येतो, मालकीणबाई," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.