खराब ठरवलेला सात नंबर

मी सात नंबरचा थर्मोकपल बोलतोय. ऐकायचं तर ऐका, नाहीतर चालू लागा. तुम्हा माणसांकडून मी आता कसलीच आशा ठेवलेली नाही.

दोन वेगळ्या धातूंच्या बारीक तारा टोकाशी जुळवल्या की माझा जन्म होतो. ते टोक जिथे टेकेल तिथलं तापमान मी सांगतो. एवढंच येतं मला. थापा मारणं तुमच्याकडे राहू दे.

बालाघाटच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत माझी नेमणूक झाली. राजेगावहून रोज बसने येणारी संघमित्रा तिथे एम.टेक.चा प्रबंध करत होती. तापवलेल्या पोलादी पट्टीत तांदळाचा दाणा जेमतेम मावेल एवढी नळी आणि तिच्यातून उकळतं पाणी. पट्टीतली उष्णता ते पाणी किती झपाट्याने ओढतं, हे तिला शोधायचं होतं. आम्हाला नळीत घुसवलं तर पाण्याची वाटच अडते. म्हणून आम्हा आठ जणांना पाण्यापासून दोन मिलिमीटर अलीकडे पट्टीत पुरायचं आणि आमच्या आकड्यांवरून उलटं गणित करून आतली भिंत किती तापली ते काढायचं. पातेल्याला बाहेरून हात लावून आतला भात ओळखण्यातलाच प्रकार.

भोकं पाडली प्रेमलालने, तिथल्या जुन्या कारागिराने. त्याची पद्धत ठरलेली: ड्रिलच्या बिटाला टेप गुंडाळायची आणि टेप पट्टीला टेकली की थांबायचं. माझ्या वेळी टेप वर सरकली. भोक एक मिलिमीटर जास्त खोल गेलं. त्याने ते पाहिलं, इकडेतिकडे बघितलं, मला तळाशी दाबलं आणि वरून लेप भरला.

पाण्याच्या जास्त जवळ असल्यामुळे मी इतरांपेक्षा कमी आकडा सांगायचो. तो खराच होता. पण गणिताच्या लेखी मी दोन मिलिमीटरवरच बसलेलो. त्यामुळे माझ्यापाशी आतली भिंत उकळत्या पाण्याहून थंड निघाली. असं कधी होतं का?

तिचे मार्गदर्शक रजत सर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सात नंबर खराब है. हटवा त्याला. शुक्रवारपर्यंत रिपोर्ट नाही आली तर मी सही करणार नाही. साल गया समझो."

"काहून हटवू सर? बसवायच्या आधी मी त्याले बर्फात टाकून पाह्यलं होतं. बरोबर शून्य दाखवत होता."

"मग माझं सांगणं खराब आहे का?"

संघमित्राने मला हटवलं नाही. तेव्हा ती मला आवडली, हे कबूल करतो. गुरुवारी तिने लेप खरवडून मला उपसलं. त्यात माझं टोक तुटलं. तिने भोकात सुई घालून खोली मोजली आणि ती सुई घेऊन प्रेमलालकडे गेली.

"काका, हे भोक खोल गेलं. तुमाले माहीत होतं?"

"टेप सरकली होती बाई," प्रेमलाल म्हणाला. "मार्चात रिटायर होऊन राह्यलो. मनलं, एका मिलिमीटरनं काय होते."

गणितात खरी खोली घातल्याबरोबर माझे जुने आकडे बाकी सातांशी जुळले. शुक्रवारी सरांनी आलेख पाहिला. चूक कबूल करतील तर ते सर कसले?

"ठीक आहे. पण रिपोर्टमध्ये लिहा, सेन्सरमध्ये दोष होता, म्हणून आकडे सुधारले. लॅबची बदनामी नाही झाली पाहिजे."

संघमित्राने प्रेमलालकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. मग तिने कीबोर्ड पुढे ओढला आणि लिहिलं: सात नंबरचा सेन्सर सदोष. दहा मिनिटांत सही झाली.

प्रेमलालने आपली नोकरी सांभाळली, सरांनी आपलं नाक. त्यांच्याकडून दुसरं काय मिळणार होतं? राग आहे तो तुझ्यावर, संघमित्रा. त्या खोलीत माझं खरं एकट्या तुला पटलं होतं.

आता मी तुझ्या टेबलावर तुटका पडलोय आणि तू आवराआवर करतेयस. टाक मला कचऱ्यात, माझी ना नाही. फक्त टाकताना एकदा माझ्याकडे बघून टाक.