वकीलबाईंच्या घराचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, पण माझ्यामागे घर नाही. कधी नव्हतेही. पुढून पाहिलेत तर मी तुम्हाला चांगला भरीव, गडद लाकडाचा वाटेन. मागे येऊन पाहिलेत तर नुसते प्लायवूड आणि दोन आडव्या पट्ट्या. पुढून रुबाब आणि मागून उघडे अंग, असा माझा सगळा कारभार आहे.

एका टीव्ही मालिकेच्या सेटसाठी मला एका सुतारकाकांनी एका सकाळीत तयार केले. काका मुळातच कमी बोलत, आणि जे बोलत ते तोंडात खिळे धरून बोलत, त्यामुळे तेही कोणाला धड कळत नसे. रंगाऱ्याने माझ्यावर लाकडाच्या रेषा ओढल्या, काकांनी पितळी मूठ बसवली. कुलपाचे भोक पाडले, पण कुलूप बसवले नाही. दिग्दर्शक म्हणाले, "कशाला हवंय? ही बाई आपल्या घराची किल्ली कोणालाच देणार नाहीये."

ही बाई म्हणजे मालिकेतल्या वकीलबाई. चाळिशीच्या, स्वतःच्या कमाईच्या घरात एकट्या राहणाऱ्या आणि कोर्टात भल्याभल्यांना पाणी पाजणाऱ्या. त्यांना एखादा पुरुष आवडला तर त्या डोळे खाली घालून वाट बघत बसत नसत. सरळ विचारत, "आज मोकळे आहात का?" पाहुणा आला की दार स्वतः उघडत, आणि सकाळी निरोपही स्वतःच देत. आधी एक चित्रकार झाला, त्याच्या बाहीचा निळा रंग माझ्या चौकटीला लागला तो कायमचा. मग एक न्यायाधीश, जे प्रेमात पडतानासुद्धा आधी बूट नीट जोडीने ठेवत. मग वकीलबाईंहून आठ वर्षांनी लहान असलेला एक आचारी आला, तेव्हा तर घराघरांत बायकांनी तोंडात बोटे घातली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. शेवटी आले विधुर संगीतशिक्षक. वकीलबाईंनी यांतल्या कोणालाही लग्नाचे गाजर दाखवले नाही, कोणाला फसवले नाही, आणि माझ्यातून कोणी अपमान घेऊन बाहेर पडला नाही.

प्रसंग रंगात आला की कॅमेरा त्यांच्यावरून वळून माझ्यावर येई. बंद दरवाजा दाखवला की प्रेक्षकांनी समजायचे ते समजायचे. अशा रीतीने सहा वर्षे सगळ्या शहराच्या चावट कल्पनांचा भार मी एकट्याने वाहिला. मला त्याचा थोडा अभिमानच होता.

पण मित्रांनो, मला दोन बाजू आहेत, आणि मागच्या बाजूला वकीलबाई नव्हत्या. तिथे सेटची भिंत आणि स्टुडिओची खरी भिंत यांच्यामध्ये हातभर जागा होती. निरोप मिळालेले प्रियकर तिथे श्वास रोखून 'कट' ऐकू येईपर्यंत उभे राहत. आणि आत येण्याचा प्रसंग असला की तिथेच वाट बघत उभी राही ती वकीलबाईंचे काम करणारी नटी. घरात ती धाकटी. तिची थोरली बहीण फोनवर तिला "धाकटे" म्हणे, ते ऐकून कपडे सांभाळणाऱ्या मावशीही तिला धाकटी म्हणू लागल्या. मीही तेच म्हणतो.

धाकटी इतकी बुजरी होती की नवीन माणसाकडे तिला मान वर करून बघता येत नसे. प्रत्येक प्रेमप्रसंगाआधी ती आपले घामेजलेले तळवे रुमालाला पुशी आणि समोरच्या नटाला हळूच विचारी, "तुमची काही हरकत नाही ना?" मग दिग्दर्शकांची हाक आली की एक दीर्घ श्वास घेई, पाठ ताठ करी, आणि माझी मूठ फिरवून आत जाई ती वकीलबाई होऊन. हा बदल मी रोज बघायचो, आणि रोज मला आश्चर्य वाटायचे.

लोकांना मात्र हे कुठे ठाऊक होते? त्यांना वाटे, पडद्यावर तशी तर घरीही तशीच. दुसऱ्या वर्षी तिचे ठरलेले लग्न मोडले. होणाऱ्या सासूबाईंनी मालिकेचे तीन भाग सलग पाहिले होते. तिच्या इमारतीत ती लिफ्टमध्ये शिरली की बायका आपापल्या नवऱ्यांना जिन्याने न्यायच्या. ओळखी तुटत गेल्या. बहिणीच्या सासरी तर तिचे नावही निघेनासे झाले. एकदा मावशी तिच्या बाहीचे बटण लावत होत्या तेव्हा ती हसत म्हणाली, "मावशी, गेल्या चार वर्षांत ज्याने ज्याने माझा हात धरला, त्याला तो धरायचा पगार मिळाला." मावशी हसल्या नाहीत. त्यांनी बटण लावून झाल्यावर तिचा हात उगाच थोडा वेळ धरून ठेवला.

तिला तग धरायला एकच गोष्ट होती. वकीलबाईंना पत्रे येत. पुरुषांची यायची तशीच यायची, ती मावशी वाचून कचऱ्यात टाकत. पण बायकांचीही येत. कोणी नवऱ्याने टाकलेली, कोणी विधवा, कोणी चाळिशी उलटलेली शिक्षिका. एकीने लिहिले होते, 'मला कोणीतरी आवडतं, हे मी तुमच्यामुळे पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं. मला त्याची लाज वाटली नाही.' हे पत्र धाकटीने माझ्यामागे उभे राहून तीनदा वाचले आणि घडी करून पर्समध्ये ठेवले.

सहाव्या वर्षी मालिका बंद करायचे ठरले. शेवटचा भाग संध्याकाळी आठ वाजता थेट दाखवायचा, म्हणजे आधी चित्रित करून नव्हे, तर घडेल तसा, असा निर्मात्यांचा बेत होता. आणि त्यांनी शेवटही बदलून आणला. संगीतशिक्षक म्हणणार, "तुझ्यासारखीला शेवटी कोणीच नसतं," आणि दार आपटून निघून जाणार. मग वकीलबाई माझ्याशी कोसळून रडणार, आणि हात जोडून प्रेक्षकांची माफी मागणार.

"अहो, ही माफी तुमच्याच भल्याची आहे," निर्माते धाकटीला समजावत होते. "एकदा रडलात की लोक तुम्हाला परत आपलं म्हणतील. पुढच्या मालिकेत आईची भूमिका तुमचीच, माझा शब्द आहे."

ती संवादांचे कागद चाळत राहिली. पण त्याच दुपारी थोरल्या बहिणीचा, ताईचा, फोन आला. महिन्याभराने भाचीचे लग्न होते. जिला धाकटीने कडेवर खेळवले होते, ती भाची.

"धाकटे, मी इथे सगळ्यांचे पाय धरलेत," ताई म्हणाली. "हे म्हणतात, शेवट चांगला होऊ दे, मग बोलवा तिला. एवढा एक भाग नीट कर गं. मी स्वतः न्यायला येते तुला."

"हो ताई. नीट करते," धाकटी म्हणाली. आणि खरेच, पुढचे चार दिवस ती माझ्या पाठीला कपाळ टेकवून रडण्याचा सराव करत होती.

आता इथे तुम्हाला आमच्या धंद्यातली एक खोड सांगायला हवी. मी पडलो वजनाने हलका. पंख्याचा वारा लागला की मी आपोआप उघडायचो. म्हणून मला बंद ठेवून प्रसंग चालू असला की सुतारकाका मागून माझ्यात एक लांब स्क्रू पिळून मला चौकटीला पक्का करत, आणि कोणी बाहेर पडायची वेळ आली की काढून घेत. सहा वर्षांत ते सतरा वेळा काढायला विसरले. नट मूठ ओढत बसे, सगळे खो खो हसत, काका जीभ चावत, आणि प्रसंग पुन्हा घेतला जाई.

त्या संध्याकाळीही काकांनी स्क्रू पिळला. पण आवाज नको म्हणून दिग्दर्शकांनी बजावले होते, "भाग सुरू झाल्यावर सेटच्या मागे कोणी पाऊलही टाकायचं नाही." काका पडले आज्ञाधारक. ते हातात पेचकस घेऊन लांब, दिव्यांच्या तारांपाशी उभे राहिले. त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता आणि पाय मात्र हलत नव्हते.

संगीतशिक्षकांनी ते वाक्य म्हटले. तरातरा माझ्याकडे आले. मूठ फिरवून ओढली. मी जागचा हललो नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ओढली, तेव्हा मूठच उपटून त्यांच्या हातात आली. बिचारा नट! लिहून दिलेल्या शब्दापलीकडे त्याला एक अक्षर सुचत नसे. तो हातातल्या मुठीकडे बघत राहिला, आणि लाखो लोक त्याच्याकडे.

दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून धाकटीला खुणा करत होते, रडा, रडा. तिला अजूनही रडता आले असते. डोळ्यांत पाणी भरून तयार होते. पण ती उठली, संगीतशिक्षकांच्या हातातून मूठ घेतली, आणि हसली. वकीलबाईंचे हसणे मला पाठ होते. हे ते नव्हते. हे धाकटीचे हसणे होते, जरा घाबरलेले.

"बसा सर," ती म्हणाली. "जायचं तर जरूर जा. पण ते वाक्य मागे ठेवून जाऊ नका. मी तुमच्यावर मनापासून प्रेम केलं. तुमच्याआधी ज्यांच्यावर केलं, तेही मनापासूनच. मला ते हवे होते आणि मी तसं तोंडाने सांगितलं, एवढाच माझा गुन्हा. मी एकटी आहे, हे खरं आहे. कधी कधी फार एकटी असते. पण ती मला झालेली शिक्षा नाही. आणि मी कोणाचीही माफी मागणार नाही."

नट बसला. मग त्याला सहा वर्षांत पहिल्यांदा स्वतःचे काही सुचले. "चुकलं माझं," तो म्हणाला. वेळ संपली. पडद्यावर नावे सरकू लागली.

दिवे विझले तेव्हा निर्माते कोणाशी न बोलता निघून गेले. मावशी एकट्याच टाळ्या वाजवत होत्या. काका धावत येऊन स्क्रू काढू लागले. "पोरी, माझ्यामुळे सगळं बिघडलं गं," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या तोंडात खिळे नव्हते, तरी शब्द नीट फुटत नव्हते. "काही बिघडलं नाही, काका," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तो घेऊन ती माझ्यामागच्या हातभर जागेत आली.

"पाहिलं आम्ही," ताई म्हणाली. "सगळे इथेच बसले होते." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "आता मी तुला कसं बोलवू? तूच सांग."

"नको बोलवूस, ताई. तिला माझा आशीर्वाद सांग."

"अगं, पण एवढंसं रडायला काय झालं होतं तुला?"

"मला पत्रं येतात, ताई," ती म्हणाली.

फोन बंद झाला. मग ती रडली. लिहिलेले होते त्याच्या दुप्पट रडली, पण माझ्या मागच्या बाजूला, जिथे कॅमेरा नव्हता. मला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. दरवाजाला हात नसतात. मी नुसता तिचे वजन घेऊन उभा राहिलो.

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. आईची भूमिका तिला मिळाली नाही. मी गोदामात पडून आहे. मधून मधून मला हिरवा किंवा करडा रंग फासून कुठल्यातरी पोलीस चौकीला नाही तर दवाखान्याला लावतात, आणि पुन्हा आणून टाकतात. एकदा अशाच एका कामावर ती मला दिसली. दोन वाक्यांची शेजारीण झाली होती. तिने मला ओळखले नाही.

मित्रांनो, माझ्या बिजागऱ्यांना तेल घाला, मला ओलीत ठेवू नका, असे काहीबाही मागायचे मी ठरवले होते. पण ते राहू द्या. तुमच्या घरी लग्न निघाले आणि तुमच्या नात्यात अशी कोणी असली, जिच्याबद्दल लोक दबक्या आवाजात बोलतात, तर तिला बोलवा. भिऊ नका. धाकटी शेजारीण झाली होती त्या दिवशी मी पाहिले, जेवणाच्या सुट्टीत ती कोणाच्या नवऱ्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. कामावर आलेल्या बायकांची पोरे गोळा करून, कोपऱ्यात मांडी घालून, ती त्यांच्याशी पत्ते खेळत होती आणि मुद्दाम हरत होती.