बटणांचा कार्बन

चाळीस वर्षं शिवणकाम केल्यावर सासऱ्यांनी दुकान पुतण्यावर सोपवलं आणि घरी बसून सगळ्यांच्या कपड्यांच्या शिवणीत खोट काढू लागले. सासूबाई अगदी मेटाकुटीला आल्या. सून शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. तिने सासऱ्यांना काम दिलं: वर्गात टांगायला कापडावर अणू शिवून द्यायचे. मधोमध लाल बटणं म्हणजे प्रोटॉन, त्यांच्यातच पांढरी म्हणजे न्यूट्रॉन. भोवतीच्या रिंगणात चमकत्या टिकल्या, ते इलेक्ट्रॉन.

दोन दिवसांत नायट्रोजन तयार झाला. सुनेने बटणं मोजली आणि हसू दाबलं. लाल बटणं सातऐवजी आठ होती.

"एका बटणाने काय आभाळ कोसळतं?" सासरे म्हणाले. "सदऱ्याला एक बटण जास्त लावलं म्हणून त्याचा कोट होत नाही."

"इथे होतो, बाबा. आठ लाल म्हणजे ऑक्सिजन. पांढरी जास्त झाली, तर नाव तेच राहतं, नुसतं वजन वाढतं."

"म्हणजे यांच्यासारखं," भाजी निवडता निवडता सासूबाई पुटपुटल्या.

सासऱ्यांनी जादाचं बटण उसवलं. पुढच्या अणूंना मात्र कुणाला हात लावू दिला नाही आणि तयार झाल्यावर स्वतःच शाळेत घेऊन गेले. फळ्याशेजारी कार्बन लावला, तोच पहिल्या बाकावरची मुलगी उठली. पुस्तकात न्यूट्रॉन सहा आहेत, इथे पांढरी बटणं आठ कशी, असं तिने विचारलं.

"लाल किती?" सासऱ्यांनी विचारलं.

"सहा."

"मग कार्बनच. जरा अंगाने भरलेला."

सुनेने लगेच खडू उचलला. असा जड कार्बन खरोखरच असतो आणि त्यावरून जुन्या लाकडाचं वय काढतात, हे तिने तासभर समजावलं. सासरे मागे बसून मन लावून ऐकत होते.

घरी जाताना तिने विचारलं, मुद्दाम आठ लावली होती का.

"दिसत नाही गं नीट," ते म्हणाले. "मोजताना बटणं एकमेकांत मिसळतात. सासूला सांगू नकोस."

आपल्या चष्म्याची काडी सैल झाली आहे, असं सांगत तिने वाट बदलली आणि त्यांना चष्म्याच्या दुकानात नेऊन डोळे तपासायला बसवलं. आठवड्याने नवा चष्मा आला. जुन्याची फॅशन गेली होती, असं त्यांनी सासूबाईंना सांगितलं.