सव्वाशे मैलांचा वानोळा

मित्रांनो, सायकलची गोष्ट निघाली की लोक चाकांबद्दल बोलतात, घंटीबद्दल बोलतात, फार तर सीटबद्दल. मागे बसून निमूटपणे ओझं वाहणाऱ्याची आठवण कुणाला होत नाही. तो मी. चिंचवड गावठाणातल्या एका पडवीत खिळ्याला टांगलेला जुना कॅरियर. माझा डावा पाय मोडला आहे. तो कसा मोडला हे सांगायची मला हौस नाही. पण सांगितलं नाही तर तो माझ्याच दुबळेपणानं मोडला असं तुम्ही समजाल, आणि ते अर्धंच खरं आहे.

माझा जन्म छप्पन सालच्या श्रावणात दत्तोबांच्या सायकलच्या दुकानात झाला. दत्तोबा चिंचवडचेच. हवा भरायला आलेल्याला चार गोष्टी सुनावल्याशिवाय पंप हातात देतील तर शपथ. त्यांच्याकडे दर रविवारी ज्योतीराम यायचा. तो पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात फिटर होता. पंचविशीतला, सडपातळ आणि कमालीचा भिडस्त. त्यानं भंगारातून सळया आणल्या, भट्टीत लाल केल्या, वाकवल्या आणि त्यातून मला घडवलं. हात चांगला होता त्याचा. फक्त डाव्या पायाला बोल्टसाठी पाडलेलं भोक काठाच्या जरा जास्तच जवळ गेलं. दत्तोबांनी ते हेरलं आणि पाय नवीन कर म्हणून सांगितलं. ज्योतीराम म्हणाला, ओझं चौदा शेरांच्या वर गुंजभरही जाणार नाही, मी मोजून घेतलंय. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. चौदा शेरांना माझा तो पाय जन्मभर पुरला असता.

त्याला जायचं होतं बहिणीकडे, सिन्नरच्या पलीकडे, सव्वाशे मैलांवर. अंबूबाई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा होता. तिनंच त्याला न्हाऊ-माखू घातलं, आणि लग्न होऊन सासरी गेली तेव्हा त्यालाही बरोबर नेलं. पुढे मोठा झाल्यावर तो शेती सोडून कारखान्यात जातो म्हणाला, तेव्हा तिचे यजमान अर्जुनराव भरल्या पंगतीत हसले. म्हणाले, "जा की. भाऊबीजेला येशील दुसऱ्याच्या गाडीच्या टपावर बसून."

भिडस्त माणसाला राग येत नाही असं नाही. त्याचा राग बाहेर पडत नाही, आत मुरतो. ज्योतीराम ताटावरून उठला. "येईन तर माझ्या सायकलवर येईन," तो म्हणाला. "तवर ह्या दारात पाय ठेवणार न्हाई."

बोलायला एक क्षण लागला, निभवायला चार वर्षं गेली. चार भाऊबिजा कोरड्या गेल्या. पाचव्या वर्षी पैसे साठवून त्यानं जुनी सायकल घेतली, आणि त्याच सुमारास गावच्या मास्तरांच्या हातचं एक कार्ड आलं. अंबूबाईनं लिहवून घेतलं होतं, 'यंदा बिजेला आलास तर आलास. नाही आलास तर मला भाऊ आहे असं मी पुन्हा कुणाला सांगणार नाही.' ते कार्ड त्यानं दुकानात दोनदा वाचलं आणि पुन्हा माझी सळई घासायला घेतली. ती गुळगुळीत झाली तरी तो घासतच राहिला.

मग जी तयारी सुरू झाली, ती मी आजन्म विसरणार नाही. त्यानं कागदावर रस्ता काढला. चाकण, खेड, मंचर, नारायणगाव, संगमनेर. प्रत्येक चढ, प्रत्येक विहीर, मैलाचे दगड. चतुर्दशीला दुपारी निघायचं, चाकणला मुक्काम. लक्ष्मीपूजनाला नारायणगाव, पाडव्याला संगमनेर, आणि बिजेच्या दुपारी बहिणीच्या दारात. सामान वाण्याच्या तराजूवर तोलून घेतलं. पंचा अर्धा फाडला. साबणाच्या वडीचे दोन तुकडे करून एकच घेतला. पण हत्यारांत मात्र कंजुषी केली नाही. पाने, पंक्चरचं सामान, जादा स्पोक, बेअरिंगचे छरे, सगळं एका जाड कापडाच्या गुंडाळीत बांधलं. शेजारच्या खोलीतल्या सोजराबाईंनी जुन्या ताडपत्रीच्या दोन पिशव्या शिवून दिल्या. रविवारी तो माझ्यावर चौदा शेर विटा बांधून देहूरोडपर्यंत जाऊन यायचा. लोक हसायचे. दत्तोबा म्हणाले, "लगीन ठरवताना बी कुनी येवढा इचार करत न्हाई राव." ज्योतीराम लाजून हसला. मला वाटलं, असा धनी सगळ्या कॅरियरांना मिळो.

एकच गोष्ट त्यानं मोजली नव्हती. तंबू आणि शिधा बरोबर घ्यायला नको म्हणून त्यानं जेवणाचे आणि मुक्कामाचे टप्पे ओळखीच्या घरी ठरवले होते. चाकणला सोजराबाईंचे भाऊ बाळाजी, पुढे कारखान्यातल्या सोबत्यांचे आईवडील. युक्ती चांगली होती. पण मित्रांनो, आपल्याकडे दारी आलेल्या माणसाला कुणी रिकाम्या हातानं पाठवत नाही. शेतात पिकलेलं, घरात केलेलं थोडंफार त्याच्याबरोबर द्यायचंच. त्याला वानोळा म्हणतात. आणि वानोळा नको म्हणणं म्हणजे घरच्यांच्या तोंडावर दार आपटणं.

चाकणला बाळाजींच्या घरी त्यांच्या पत्नी छबूबाईंनी त्याला पोटभर जेवू घातलं आणि सकाळी पिशवीत कांदे भरायला सुरुवात केली. ज्योतीराम म्हणाला, "वहिनी, असू द्या." पण ते त्यानं असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटावं, अजून दोन घाला. छबूबाई म्हणाल्या, "भनीकडं चाललायसा, त्ये बी दिवाळीचं. हातात काय नगं व्हय?" कांदे चार शेर तरी असतील. माझा पाय किंचित कुरकुरला.

मंचरला दुपारी जेवायला थांबलो. तिथले म्हातारे नानासाहेब मुलाच्या सोबत्याला बघूनच हरखले होते. त्यांनी बटाटे काढले, फराळाचा मोठा डबा काढला. पिशव्यांत जागा उरली नव्हती. तेव्हा ज्योतीरामनं जे केलं ते बघून माझ्या जिवाचं पाणी झालं. त्यानं हत्यारांची गुंडाळी बाहेर काढली, पंक्चरचं तेवढं खिशात घातलं आणि पाने, स्पोक सगळं नानासाहेबांच्या कोनाड्यात ठेवलं. येताना घेऊन जातो म्हणाला. तीन महिने तोलून मापून जमवलेलं सामान बटाट्यांना जागा करून देण्यासाठी मागे राहिलं. मी लोखंडाचा, मला तोंड नाही. पण ज्याला तोंड होतं तोही बोलला नाही, याचं दुःख मला जास्त आहे.

नारायणगावला बाजरी आणि भुईमुगाच्या शेंगा आल्या. पाडव्याला सकाळी निघालो तेव्हा माझ्यावर मणाच्या आसपास ओझं होतं. भोकाच्या काठाशी एक बारीक चीर गेली होती. प्रत्येक खड्ड्याला ती केसभर पुढे सरकत होती. ज्योतीरामनं दोनदा उतरून दोरी आवळली, पाय हातानं चाचपलाही. चीर त्याला दिसली असावी, कारण तो बराच वेळ तिथे बसून राहिला. मग रस्त्याच्या कडेची एक तार घेऊन त्यानं ती गुंडाळली आणि पुढे निघाला.

चंदनापुरीच्या घाटात, उतारावर, माझा पाय तुटला. तुटून तो सरळ मागच्या चाकात घुसला. सहा-सात स्पोक तडातडा गेले, रिम वाकली, आणि आम्ही सगळे धुळीत. ज्योतीरामचा कोपर फुटला. बटाटे घाटातून खाली घरंगळत गेले. आणि मित्रांनो, त्यानं काय केलं? त्यानं एकेक बटाटा वेचला. लोकांनी प्रेमानं दिलंय, टाकायचं कसं, असं स्वतःशीच पुटपुटत होता. त्यात तासभर गेला. कुठल्याही स्पोकाला एका बटाट्याची किंमत त्या दिवशी आली नाही.

सायकल ढकलत संगमनेरला पोहोचेपर्यंत दिवस मावळला. सकाळी लोहाराकडे गेलो तर तो बिजेसाठी जवळच्या अकोल्याला बहिणीकडे गेलेला. सायकलच्या दुकानाला कुलूप. दुकानदारही कुणाचा तरी भाऊ होताच. ज्योतीराम गावाबाहेरच्या नाक्यावर उभा राहिला. वाकडं चाक, डोळ्यांत झोप नाही, कोपराला अर्ध्या पंचाची चिंधी. इतक्यात नाशिकची एसटी आली आणि थांबली.

कंडक्टरनं खाली वाकून बघितलं. म्हणाला, "बिजेला चाललाय ना भाऊ? टाक सायकल टपावर. दुपारच्या आत पोचशील."

मला वाटलं, सुटलो. ज्योतीरामनं माझ्यावरची दोरी सोडायला हात घातलासुद्धा. मग तो थांबला. त्याच्या मनात काय आलं ते मला ठाऊक आहे. टपावर बसून येण्याचा अर्जुनरावांचा तो टोमणा तो चार वर्षं चघळत होता. त्यानं मान हलवली. "नको," म्हणाला. "मी सायकलनंच जाणार."

तीन घरांत ज्याला नको म्हणता आलं नाही, त्याला ते नेमकं इथे आलं. कंडक्टरनं खांदे उडवले आणि घंटी मारली. गाडी गेली. मी त्या धुळीकडे बघत राहिलो आणि मला माझ्या धन्याचा पहिल्यांदा राग आला.

पस्तीस मैल त्यानं ती सायकल मागचं चाक उचलून धरत ढकलली. वाटेतल्या प्रत्येक गावात कुणी दुरुस्त करून देईल का विचारलं. सगळीकडे दारं उघडी, घरात ओवाळणी चाललेली, आणि हत्यारवाला कुठेतरी बहिणीकडे गेलेला. बीज रस्त्यातच मावळली.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर आम्ही अंगणात शिरलो. अंबूबाई सुपात बाजरी पाखडत होती. तिनं वर पाहिलं, सूप खाली ठेवलं, आत जाऊन भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन आली. त्याच्यावरून तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. रीतीत तसूभर कमी केलं नाही. पण डोळे वर केले नाहीत.

अर्जुनराव गोठ्यातून आले. सायकलभोवती एक चक्कर मारली, मोडका पाय हातानं चाचपला, सीट दाबून बघितली. "चिंचवडापासनं? ह्याच्यावर?" ते म्हणाले. "मानलं राव तुला. मी आपला गमतीनं बोललो होतो." चार वर्षं हे शब्द ऐकायला ज्योतीराम आसुसला होता. आता त्यानं मानही वळवली नाही. तो बहिणीकडे बघत होता.

"आक्का," तो म्हणाला, "ताट कर. ओवाळ मला."

"काल ओवाळलं," अंबूबाई म्हणाली.

"कुणाला?"

"चंद्राला. जिला भाऊ न्हाई ती चंद्रालाच ओवाळती." ती शांतपणे बोलत होती. "मागची चार सालं रातपत्तूर थांबायचे अन् ताट तसंच परत ठिवायचे. काल न्हाई थांबले."

ज्योतीरामनं घाट, तुटलेला पाय, लोहार, सगळं सांगायला सुरुवात केली. तिनं मधे अडवलं नाही. त्याचं संपल्यावर म्हणाली, "काल सकाळची यष्टी आली तवा मी फाट्यावर हुबी हुते. लोकं उतरली. तू न्हाई उतरलास. मी काय सायकलीची वाट बघत न्हवते, ज्योती."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. त्याच्याच आलं.  मग तिनं त्याला पान वाढलं, समोर बसून आग्रह करून जेवू घातलं. ओवाळलं मात्र नाही. पिशव्या भिंतीशी तशाच पडून होत्या.

मित्रांनो, चिंचवडला परत आल्यापासून मी भिंतीवर आहे. नवा पाय लावून पुन्हा रस्त्यावर यावं असं कधीकधी वाटतं, पण ज्योतीराम माझ्याकडे बघायचं टाळतो आणि मलाही त्याच्याकडे बघवत नाही. तुम्ही लांबच्या प्रवासाला निघालात तर बोल्ट आवळा, चिरा तपासा, हत्यारं कुणाच्या कोनाड्यात ठेवू नका. हे कुणीही सांगेल. मला आणखी एवढंच सांगायचं आहे, की कुणाकडे निघालो आहोत ते वाटेत विसरू नका. वानोळा नाकारला तर लोक घटकाभर रुसतात. वाट बघणारं माणूस किती दिवस रुसतं, ते मी पाहिलं आहे.

पुढच्या दिवाळीत चतुर्दशीला, अंगाचं उटणं नीट धुतलंही नसेल तोच, ज्योतीराम घराबाहेर पडला आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागला. हातात कपड्यांची एक लहानशी पिशवी होती, आणि भाऊबीजेला अजून तीन दिवस होते.