सहाची कळ

माझ्यावर एकशे चार कळा होत्या, मित्रांनो. आज शंभर आहेत. गेलेल्या चार कळा कुठे गेल्या, तेही मला ठाऊक आहे. एस्केपची कळ एका बाजाराच्या दिवशी कुणाच्या तरी चपलेखाली फुटली. उजवीकडची कंट्रोल उंदराने नेली. एफ-सात आणि एफ-आठ काढून माझ्या शेजारच्या नव्या भावाला बसवल्या. त्याच्या तुटल्या होत्या आणि माझ्या कुणी वापरत नव्हतं. उरलेल्यांमध्ये अंकांची सगळी ओळ शाबूत आहे. एकपासून शून्यापर्यंत दहा कळा. त्यातल्या नऊ सारख्या दिसतात. दहावी सारखी दिसत नाही, आणि मी आज बोलतो आहे ते तिच्यासाठी.

मी कीबोर्ड आहे. कुठल्या देशात बनलो ते माझ्या पाठीवरच्या कागदावर छापलं होतं, पण तो कागद घामाने निघून गेला. नागपूरच्या एका कचेरीत दोन वर्षं हिशोब टंकल्यावर मला एका जुन्या संगणकासोबत विकण्यात आलं. रफीकभाऊंनी मला दुपट्ट्यात गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर धरून चामोर्शीला आणलं. त्यांचं बाजाराच्या रस्त्यावर रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ दुरुस्तीला येईनासे झाले, तेव्हा त्यांनी तिथेच तीन संगणक मांडून वर्ग काढला. दारावरची पाटी त्यांनी स्वतः रंगवली. ते वर्ष दोन हजार होतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी पडदा कधी पाहिलेला नाही. तो माझ्या मागे असतो आणि माझं तोंड वर असतं. मला बोटं कळतात, समोरचे चेहरे दिसतात आणि बोलणं ऐकू येतं. म्हणून पुढे मी पडद्यावरचं जे काही सांगेन, ते मोठ्याने वाचलेलं ऐकून सांगेन.

त्या संगणकाच्या पोटात आधीच्या मालकाने एक खेळ ठेवून दिला होता. अंतराळाचा. जहाज घेऊन ताऱ्यांमध्ये फिरायचं आणि तिथे राहणाऱ्या परक्या जमातींशी भांडायचं नाहीतर मैत्री करायची. खेळासोबत पुस्तिका आली नव्हती. त्यामुळे कोण कुठला, कोणाचं कोणाशी वैर, तो मधला राख झालेला ग्रह कोणी जाळला, हे सगळं मुलांनी वाद घालून ठरवायचं होतं. बाजाराच्या दिवशी वर्ग लवकर सुटे. मग रफीकभाऊ अर्धा तास खेळायला देत, आणि वाद त्याच्या दुप्पट चाले.

वादात दोघं पुढे असत. रफीकभाऊंची मुलगी शिरीन अकरावी विज्ञानात होती. तिचा चुलतभाऊ रईस बाजारात वडिलांच्या कापडाच्या दुकानावर बसे आणि तिथून पळून येई.

"मेरुकनंच जाळला तो ग्रह," रईस म्हणे. मेरुक ही त्यातली एक जमात. "अस्वलासारखं तोंड आहे त्याचं. अस्वल काही सोडते का?"

"तोंडावरून काय ठरते बे? तुझ्या तोंडावरून काय ठरवायचं मंग?" शिरीन विचारी. "मेरुकच्या जहाजात इंधनच तेवढं नाई. अंतर बघ. तो तिथवर जाऊन परत येऊच शकत नाई."

"परत आलाच नसेल. कोणी पाह्यलं?"

अशा वेळी आतून जमीलाबाई, शिरीनची आई, चहा घेऊन येत आणि कप माझ्यापासून हातभर लांब ठेवत. वर्ग रिकामा झाला की त्या रफीकभाऊंच्या दाढीच्या नव्या ब्रशने माझ्या कळांमधली धूळ काढत. रफीकभाऊंनी तो ब्रश परत कधी मागितला नाही.

सगळ्यात मोठा वाद ओल्थी नावाच्या जमातीचा होता. ओल्थी भेटले की काहीच बोलत नसत. पडद्यावर एकच प्रश्न येई, "हाउ मेनी?" म्हणजे किती. खाली आकडा टंकायची जागा. आकडा टंकला की युद्ध, आणि युद्धात आपण संपलेलो. ओल्थींच्या पलीकडे काय आहे, ते म्हणूनच कुणाला ठाऊक नव्हतं.

रईस म्हणे, गिऱ्हाईक विचारते तसं विचारते तो, माल किती आहे. शिरीनला वाटे, तो आपल्या सूर्याला ग्रह किती ते विचारतो. दोघांचंही उत्तर चुकलं. मग त्यांनी जहाजांची संख्या द्यायला सुरुवात केली. पाचाच्या पुढे जहाजं कधी जमली नाहीत, म्हणून आकडा तीन, चार नाहीतर पाच असे. खरं सांगूनही युद्ध होई. एकदा रईसने घाबरवायला म्हणून नऊशे नव्व्याण्णव टंकलं. युद्ध नेहमीपेक्षाही लवकर झालं.

रईसने ओल्थींचं नाव 'मुके' ठेवलं.

त्या वर्गात निशा होती. एटापल्लीच्या पलीकडच्या एका गावची. चामोर्शीला वसतिगृहात राहून बारावी करत होती आणि दुपारी टायपिंग शिकायला येई. तिची बोटं मला आठवतात. कळ दाबायच्या आधी ती कळेवर टेकत, जणू परवानगी घेत. घरी तिची भाषा गोंडी. मराठी बोलताना शब्द मागेपुढे होत, आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हसलं होतं. त्यानंतर ती बोलेनाशी झाली. खेळाच्या वेळी ती मागच्या बाकावर बसून ऐके.

"निशा ओल्थीचीच आहे," रईस एकदा म्हणाला. "बोलतच नाई."

सगळे हसले. निशाही हसली, पण दुसऱ्या दिवशी तिची बोटं माझ्यावर टेकायचीसुद्धा थांबली होती. नुसती आपटून निघून जात. त्याच आठवड्यात तिने गावाकडे निरोप धाडला की मला घेऊन जा.

बाजाराच्या दिवशी तिचे वडील इसरू आले. वसतिगृहातून तिची पिशवी घेऊनच आले होते. दाराजवळच्या बाकावर पिशवी पायाशी ठेवून बसले.

"रफीकभाऊ, पोरीले नेतो," ते म्हणाले. "तिचं मन नाई लागत इथी."

रफीकभाऊंनी पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाले, "गाडीले वेळ आहे. बसा. चहा घ्या." शिरीनने वडिलांकडे पाहिलं. तिला निशा जायला नको होती. वर्गात दुसरी मुलगीच नव्हती. पण थांब म्हणायला तिला काही कारण सापडत नव्हतं. म्हणून ती खेळायला बसली, आणि निशा नेहमीसारखी मागच्या बाकावर.

ओल्थी आले. शिरीनने वाचलं, "हाउ मेनी. किती."

"आज काय लिहितं?" रईसने विचारलं. "तुझ्या बापाची दुकानं लिही."

"त्याच्या जहाजाखाली किती दिवे आहेत?"

हा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. शिरीन मागे वळली. निशा उभी होती.

"चार," शिरीन म्हणाली. "नेहमी वेगळे असतात. कधी चार, कधी पाच, कधी सात. सजावट आहे ती."

"सजावट नाई." निशा थांबली. शब्द जुळवत होती. या वेळी कुणी हसलं नाही. "तो जहाजं नाई विचारून राह्यला. तो देव विचारून राह्यला."

"अंतराळात देव कुठून आले बाप्पा?" रईस म्हणाला.

"आमच्याकडे नवा माणूस भेटला का पह्यले विचारतेत, किती देवाचे? कोणी चार देवाचा असते, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. आकडा सारखा असला तं भाऊ. वेगळा असला तं सोयरा होऊ शकते. हे समजल्याबिगर बोलाचं कसं? भावासंगं कसं बोलाचं, सोयऱ्यासंगं कसं बोलाचं, ते वेगळं असते." तिने श्वास घेतला. "त्यानं आपला आकडा दिव्यात दाखवला. आता तुमचा विचारते. तुम्ही त्याले जहाजं सांगता. त्याले वाटते, हा आपली वळख लपवते."

शिरीनच्या उजव्या हाताचं बोट माझ्यावर हवेत थांबलेलं होतं. मग तिने विचारलं, "पण मंग आपला आकडा कोणता? खेळात आपल्याले देव कुठी दिलेत?"

"झेंडा," निशा म्हणाली. "सुरुवातीले झेंड्यावर तारे मागते ना तो? तू किती घेतले?"

शिरीनने दर वेळी सहा घेतले होते. सहाचा षटकोन नीट बसतो म्हणून.

"आम्ही पण सहाचेच," निशा हळूच म्हणाली.

"मंग तूच दाब," शिरीन म्हणाली आणि खुर्चीवरून उठली.

निशा बसली. तिचं बोट सहावर टेकलं. पूर्वीसारखं, परवानगी घेतल्यासारखं. मग तिने कळ दाबली आणि एंटर केलं. युद्धाचा आवाज मला पाठ होता. तो आला नाही. शिरीन वाचू लागली आणि वाचता वाचता मराठी करू लागली, "तर मग... तर मग आपली मुलं एकमेकांना भेटू शकतील."

रफीकभाऊ चहाचा कप हातात धरून पडद्यासमोर येऊन उभे राहिले. जमीलाबाई दारातून बघत होत्या. रईस मान खाजवत म्हणाला, "आमचा तं एकच आहे बाई. एक लिहिलं तं चालते का?"

निशाने विचार केला. "चालते. एक तं कोणाचाच नाई. तू सगळ्याईचा सोयरा."

या वेळी सगळे हसले तेव्हा निशाचं हसणं मला वेगळं ऐकू आलं, कारण ते सगळ्यात शेवटी थांबलं.

मग दुसरं जहाज आलं. त्याच्या पोटाखाली सहा दिवे होते. शिरीनने विचारलं, "आता?" आणि निशाला माहीत होतं, याच्याशी भावासारखं बोलायचं. तिसऱ्याला सात होते. तेही तिला माहीत होतं. स्टँडवर गाडीचा हॉर्न वाजला. इसरू उठले. त्यांनी पिशवी उचलली, दोन पावलं पुढे आले आणि मुलीच्या मागे उभे राहिले.

"हे शिकवता का इथी?" त्यांनी विचारलं.

"नाई भाऊ," रफीकभाऊ म्हणाले. "इथी टायपिंगच शिकवतो. खोटं कायले सांगू?"

इसरूंनी मान हलवली. मुलीकडे पाहिलं. तिचं बोट अजून सहावर होतं.

"बाबा," निशा म्हणाली, "पुढच्या बाजाराले या."

हॉर्न पुन्हा वाजला. इसरूंनी पिशवी बाकाखाली सरकवली, जमीलाबाईंना जोहार केला आणि एकटेच स्टँडकडे गेले. पुढच्या बाजाराला ते आले तेव्हा हातात मोहाच्या पानांत बांधलेला मध होता. निशाने त्यांना तेच वाक्य सांगितलं. त्याच्या पुढच्या बाजारालाही.

मित्रांनो, माझी चांगली वर्षं तीच. निशाने टायपिंगची परीक्षा दिली, मग दुसरी दिली, मग रफीकभाऊंनी तिलाच शिकवायला ठेवलं. राख झालेला ग्रह कोणी जाळला ते अखेर कळलं नाही. शिरीन आणि रईस त्यावर आजही भांडतात. निशाला एक सवय लागली. काही आठवायचं असलं, शब्द जुळवायचा असला किंवा एखाद्या लाजऱ्या मुलीची चूक सांगायची असली, की तिचं बोट आपोआप सहावर येऊन टेके आणि हळूहळू घासत राही. नवी मुलं विचारत, बाई, सहावर काय आहे. ती म्हणे, काई नाई, विचार करून राह्यली.

मग लग्न होऊन ती एटापल्लीला गेली. तिथल्या दवाखान्यात ती संगणकावर बसते, असं मी ऐकलं. शिरीन पदार्थविज्ञान शिकायला नागपूरला गेली. इंटरनेटवाली नवी दुकानं आली. रफीकभाऊंनी काळे, चपटे कीबोर्ड आणले आणि मला माळ्यावर ठेवलं. माझ्या कळांखाली मुंग्यांनी अंडी घातली. उंदीर आला तो याच काळात. खाली बोटांचा आवाज येई. तो माझा नसे.

माझं एक मागणं आहे. आम्हाला टाकून द्यायचं असेल तर द्या. वस्तू जुन्या होतात. पण जोवर वापरता तोवर कळ दाबा, आपटू नका. चहा हातभर लांब ठेवा. मऊ ब्रश मिळाला तर उत्तम. आणि समोरचा गप्प असला तर त्याला मुका म्हणायच्या आधी, तो काय विचारतो आहे ते एकदा विचारून घ्या. मला बोटांखाली राहून एवढंच समजलं आहे.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात माळा साफ झाला. मला खाली आणून बाकावर ठेवलं, तोच बाक. निशा मुलीला घेऊन चामोर्शीला भेटायला आली होती. मुलीचं नाव सुकरी. रईसचा मुलगा जाहिदही तिथेच होता. दोघं मला आपापल्याकडे ओढू लागले.

"किती वर्षाची गं तू?" रईसने सुकरीला विचारलं. तिने चार बोटं दाखवली. जाहिदने न विचारताच तीन दाखवली.

"आकडे वेगळे आहेत," रईस निशाला म्हणाला. "चालते मंग."

निशा हसली आणि माझ्याकडे वाकली. तिचं बोट सवयीने जाऊन टेकलं. सुट्टीला नागपूरहून आलेल्या शिरीनने ते पाहिलं. तिने पर्समधून कॉलेजच्या प्रयोगशाळेतला व्हर्नियर कॅलिपर काढला, जमीलाबाईंकडून ब्रश घेऊन आधी धूळ झाडली आणि अंकांच्या ओळीतल्या तीन कळा एकेक करून उचकटल्या. प्रत्येक कळ तीनदा मोजली आणि सरासरी मोठ्याने सांगितली.

पाचची कळ, उंची नऊ पूर्णांक चार दशांश मिलिमीटर. सातची कळ, नऊ पूर्णांक चार. सहाची कळ, नऊ पूर्णांक एक.